स्वस्त दुकानांत कुर्ता-पँटची साइज कशी ठरवायची? (कोल्हापूर)

कपडेपट
राजारामपुरी, महाद्वार रोड, कावळा नाक्याकडचा मॉल, मोबाईलवरची खरेदी, सगळीकडे अडचण एकच. दुकान बदललं की साइज बदलते. पाचशे-आठशेच्या कुर्त्यांत एका ठिकाणी एल नीट बसतो, दुसऱ्या ठिकाणी तोच एल काखेत काचतो.

मापं देते: उंची ५ फूट १ इंच, छाती ३८, कंबर ३४, सीट (नितंबांचा घेर) ४२, खांदा १४.५, दंड १३. सरळ कटाचा एल घेतला तर छातीला ठीक, पण सीटवर ताणतो आणि बाजूचे कट उघडे पडतात. एक्सएल घेतला तर सीट सुटते, खांदा मात्र दंडावर उतरतो. ब्रँड कुठला चांगला हे विचारत नाही. टेपच्या हिशेबात सांगा, म्हणजे कुठल्याही दुकानात उपयोगी पडेल.

शिलाईमशीन
मापं दिलीत हे बरं केलंत. आता लेबलवरचं अक्षर बाजूला ठेवा. प्रत्येक कंपनीचा एल तिच्या स्वतःच्या तक्त्यावर कापलेला असतो. कपड्याला स्वतःचे इंच असतात, ते मोजायचे.

पहिल्यांदा घरात जो कुर्ता सगळीकडून बरोबर बसतो तो काढा. इस्त्री करून टेबलावर किंवा फरशीवर सपाट पसरा, ओढू नका. पाच मापं घ्या:

छाती – काखेच्या शिवणीखाली एक इंच सोडून या टोकापासून त्या टोकापर्यंत. येईल त्याची दुप्पट करा.
सीट – कट सुरू होतात तिथे, किंवा खांद्यापासून जितक्या अंतरावर तुमची सीट सर्वांत भरलेली आहे तिथे. याचीही दुप्पट.
खांदा – मागच्या बाजूने, बाहीच्या एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत.
मुंढा – काखेपासून खांद्याच्या टोकापर्यंत सरळ रेषेत.
दंड – काखेखाली एक इंचावर बाहीची रुंदी, दुप्पट.

हे पाच आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा. दुकानात नवा कुर्ता काउंटरवर पसरला की दोन मिनिटांत कळतं. महाद्वार रोडवरच्या अनेक लहान दुकानांत ट्रायल रूम नसते, तिथे तर यावरच भिस्त. टेप पर्समध्ये कायम ठेवा. कापडी टेप जुनी झाली की ताणते आणि माप कमी दाखवते. वर्षातून एकदा लोखंडी पट्टीशी ताडून बघा.

आता अंगाच्या मापात किती सूट धरायची. विणलेलं न ताणणारं कापड, म्हणजे कॉटन, रेयॉन, लिनन, असेल तर छातीला ३ इंच, सीटला ३ ते ४, दंडाला २. अस्तर असेल किंवा कापड जाड असेल तर यात अर्धा-एक इंच वाढवा. टीशर्टच्या होजियरी कापडाला शून्य सूट चालते, ताणणारं असेल तर अंगापेक्षा १-२ इंच कमी असलं तरी बसतं. तुमच्यासाठी हिशेब: कुर्त्याची छाती ४१, सीट ४५ ते ४६, दंड १५. सपाट ठेवल्यावर छाती साडेवीस, सीट साडेबावीस ते तेवीस दिसली पाहिजे.

तिकटी
वरच्यात एक भर. अंगाचं माप घेताना जी ब्रा रोज घालता तीच घालून घ्या. पॅडेड आणि साधी यांत छातीचं माप एक-दीड इंचाने सहज बदलतं. टेप पाठीवर वर चढली तर माप चुकतं, आरशात बाजूने बघा. कंबर सापडत नसेल तर पोटाला सैलसर नाडी बांधा आणि दोन-तीनदा बाजूला वाका, नाडी जिथे स्थिरावते ती कंबर. सीट त्याच्या साधारण ७ ते ९ इंच खाली, पाय जुळवून मोजायची.

मास्तरीण
खांदा उतरतो म्हणालात, तिथे थोडं थांबा. एका साइजवरून पुढच्या साइजवर जाताना छाती दोन इंच वाढवतात, पण खांदा पाव ते अर्धा इंचच वाढवतात. म्हणजे एका बाजूला जास्तीत जास्त पाव इंच. एल खांद्याला बरोबर असेल तर त्याच पॅटर्नचा एक्सएल दंडावर उतरून दिसायला नको. दिसतोय म्हणजे तो कुर्ता वेगळ्या फिटचा आहे. टॅगवर बघा, रिलॅक्स्ड, ओव्हरसाइज किंवा ड्रॉप शोल्डर असं काही लिहिलेलं असेल. त्यांत शिवण मुद्दाम खाली सोडलेली असते, एस घेतला तरी उतरणारच. रेग्युलर फिटचा एक्सएल आणि ओव्हरसाइज एक्सएल यांची छाती तीन-चार इंचांनी वेगळी असू शकते. आधी फिट वाचा, मग साइज.

दुसरी गोष्ट तुमच्या उंचीची. तयार कपडे पाच-चार, पाच-पाच उंची धरून कापलेले असतात. पाच-एकच्या अंगावर कुर्त्याची कमर अर्धा-पाऊण इंच खाली येते. कुर्ता जिथे बारीक केलेला आहे तो भाग नेमका पोटावर आणि सीटच्या वरच्या बाजूला अडकतो. तुम्हाला वाटतं सीट कमी पडली, पण बऱ्याचदा कमर चुकीच्या जागी आलेली असते. तपासायला दोन्ही खांद्यांवर शिवणीपाशी कापड अर्धा इंच चिमटीत धरून वर उचला. ताण लगेच सुटला तर सीटचा दोष नाही.

करवीरकन्या
मग खांद्यातून उचलून घेतलं की झालं?

मास्तरीण
होतं, पण तेवढंच करून चालत नाही. खांद्यातून अर्धा इंच उचलला की मुंढाही अर्धा इंचाने आखूड होतो आणि काखेत काचतो. बाही सोडवून मुंढा खाली खोलवायचा आणि बाही परत बसवायची. काम बरंच आहे, पाचशेच्या कुर्त्याला परवडत नाही. त्यापेक्षा कमरेला बारीक न केलेला, सरळ किंवा ए-लाइन कुर्ता घेतलेला बरा.

गल्ली नंबर सात
माझं मत जरा वेगळं. मोठी साइज घ्यायची आणि बाजूने आत घ्यायचं, सगळ्यात सोपं. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच आत घेतलं तर पुढचं-मागचं धरून एकूण दोन इंच कमी होतात. एक्सएलचा एल झाला की.

शिलाईमशीन
छातीचा झाला, खांद्याचा झाला नाही. बाजूची शिवण आत घेता येते, बाही आखूड करता येते, लांबी कमी करता येते, ही तिन्ही कामं स्वस्त आणि सोपी. खांदा, मुंढा आणि गळा यांना हात लावला की काम वाढतं. म्हणून कुर्ता निवडताना जे दुरुस्त होत नाही ते आधी बरोबर आहे ना बघायचं, बाकीचं नंतर.

आणि उलट बाजूने, लहान घेऊन उसवून वाढवू म्हणाल तर तेही बहुतेक होत नाही. टेलरकडे शिवलेल्या कपड्यात आत एक-दीड इंच दाब, म्हणजे शिवणीआतलं जादा कापड, ठेवलेला असतो. कारखान्यात कापड वाचवायला जेमतेम एक सेंटिमीटर ठेवतात आणि ओव्हरलॉक मारून कडा कापून टाकतात. कुर्ता उलटा करून बाजूची शिवण बघा. सरळ शिवण आणि ओव्हरलॉक यांच्यामध्ये जादा कापड नसेल तर तो कपडा एक इंचही वाढणार नाही.

कपडेपट
मग सीट कमी आणि खांदा बरोबर, अशा वेळी सरळ कुर्ता घ्यायचाच नाही का?

शिलाईमशीन
घ्या, पण कट बघून. चार प्रकार धरा.

ए-लाइन, अनारकली, कळीदार: सीटचं माप सोडून द्या, खांदा-छातीवर घ्या. तुमच्या मापाला हेच सर्वांत बिनचूक.

सरळ, बाजूला कट असलेला: कट कुठून सुरू होतो ते बघा. कट सीटच्या भरलेल्या रेषेच्या दोन इंच वर सुरू होत असेल तर सीट थोडी कमी असली तरी चालते, कापड दोन्हीकडे मोकळं पडतं. खाली सुरू होत असेल तर कट दीड-दोन इंच वर घेता येतो, कोणीही टेलर अर्ध्या तासात करतो. फक्त कटाच्या टोकाला आडवा पक्का टाका घालायला सांगा, नाहीतर बसताना तिथूनच फाटतो.

सरळ, बिनकटाचा: सीटवरच घ्यायचा, दुसरा उपाय नाही. सपाट तेवीस पाहिजे.

पुढे चीर असलेला: मागे ताण राहतो, बसून बघितल्याशिवाय घेऊ नका.

कापडवेडी
कमी उंचीचा एक फायदा कुणी सांगितला नाही. तयार कुर्ता ४४-४६ लांबीचा येतो, तुम्ही तो ४० करणार. खालून चार इंचांची पट्टी निघते, पुढची आणि मागची. तेच कापड बाजूला लावता येतं. दोन इंच रुंदीची पट्टी घ्या, दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो, एक इंच उरतो. दोन बाजूंना मिळून घेर दोन इंच वाढला. पट्टी काखेपासून कटापर्यंत लागते, सुमारे १४ ते १६ इंच, आणि कुर्त्याचा खालचा घेर एका अंगाला बावीस-चोवीस असतो, म्हणजे पुरते. काखेत काचत असेल तर त्याच कापडातून तीन इंच चौकोनी कळी टाका, हात वर केल्यावर कुर्ता वर चढायचा थांबतो.

अडचण दोन ठिकाणी येते. खाली किनार छापलेली असेल तर पट्टी उठून दिसते. आणि एकाच दिशेची नक्षी असेल, उभी वेल वगैरे, तर पट्टीवर ती आडवी येते. बारीक बुट्टी किंवा प्लेन कापड असेल तर कळतसुद्धा नाही.

तिकटी
हे फार कामाचं. साठवून ठेवलं.

मागवाली
इचलकरंजीकडून एक माहिती. एकाच दुकानात, एकाच डिझाइनचे दोन एल वेगळे का असतात? कारखान्यात कापडाचे थर एकावर एक रचतात, शेकड्याने, आणि वरून मशीनचं पातं फिरवतात. थर उंच झाला की पातं थोडं कलतं, वरचा आणि खालचा तुकडा सारखा येत नाही. रेयॉनसारखं घसरणारं कापड रचतानाच सरकतं. त्यात शिवणारी व्यक्ती कधी अर्धा सेंटिमीटर जास्त दाबते. सगळं मिळून छातीत अर्धा इंच इकडेतिकडे हे कारखाना चालवून घेतो. म्हणून एकाच साइजचे तीन पीस मागून घ्या आणि सपाट मोजा. एखादा अर्धा-पाऊण इंच मोठा निघतो, तोच तुमचा.

कापडाच्या आटण्याचंही धरा. रेयॉन पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं, लांबीत जास्त. ४४ इंचांच्या कुर्त्याला ४ टक्के म्हणजे पावणेदोन इंच. न आटवलेलं सुती कापडही असंच वागतं, आटवून आलेलं कमी. पॉलिस्टर, जॉर्जेट, क्रेप जवळजवळ आटत नाही. जिथे सूट मोजून-मापून आहे तिथे रेयॉनला छातीत एक इंच जादा धरा.

पंचगंगाकाठ
लेबलाबद्दल. वैधमापन नियमांत २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवरही एस, एम, एल बरोबर सेंटिमीटरमध्ये माप द्यायचं असतं. ते वाचा. इंच हवे असतील तर २.५४ ने भागा: ९२ म्हणजे ३६ ला थोडं जास्त, ९७ म्हणजे ३८, १०२ म्हणजे ४०, १०७ म्हणजे ४२.

पण खरी मेख इथेच आहे. तो आकडा काही कंपन्या अंगाचा देतात, काही कपड्याचा. ९७ अंगाचा असेल तर कुर्ता ४०-४१ चा निघेल आणि तुम्हाला बसेल. ९७ कपड्याचाच असेल तर ३८ च्या छातीवर बटणं ताणतील. एक पीस सपाट मोजून दुप्पट करा. लेबलाएवढंच आलं तर आकडा कपड्याचा, दोन-तीन इंच जास्त आलं तर अंगाचा. त्या ब्रँडबाबत हे एकदा कळलं की लिहून ठेवा. मोबाईलवरच्या खरेदीत साइज चार्टमध्ये बहुधा दोन तक्ते असतात, एक अंगाच्या मापाचा आणि एक कपड्याच्या मापाचा, आणि घोळ बहुतेक तिथेच होतो. तुम्ही कायम कपड्याचा तक्ता उघडा आणि छाती ४१, सीट ४५ शोधा.

करवीरकन्या
एक विचारते, आपल्याकडे सगळ्यांसाठी एकच ठरलेली साइज का नाही?

पंचगंगाकाठ
आपल्याकडचे बरेच तक्ते परदेशी मापांवरून उतरवलेले आहेत. भारतीय अंगकाठीची मापं घेण्यासाठी वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट यांनी ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला, सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांहून जास्त लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घेण्याचा. ती मापं दुकानाच्या रॅकवर उतरेपर्यंत टेपच.

रंकाळा_संध्या
पँटबद्दल कुणीच बोललं नाही, तिथे तर जास्त फसगत होते.

शिलाईमशीन
पँटमध्ये सीट आणि आसन (दोन पायांमधल्या जोडापासून पट्ट्यापर्यंतचा भाग) बरोबर पाहिजे, कमर नंतर कमी करता येते. पँट सपाट ठेवा, पुढच्या आसनाची लांबी जोडापासून पट्ट्यापर्यंत मोजा, घरच्या चांगल्या बसणाऱ्या पँटशी ताडा. अर्धा इंच कमी असलं तरी बसताना मागून खाली सरकते. सीट आसनाच्या जोडाच्या तीन इंच वर मोजायची, मांडी जोडाखाली एक इंचावर.

जीन्सवर लिहिलेला ३२, ३४ हा कमरेचा आकडा, पण पट्टा कुठे बसतो यावर तो ठरतो. बेंबीखाली दोन-तीन इंचांवर बसणाऱ्या जीन्सला तिथला घेर लागतो, कमरेचा नाही, आणि तो तुमच्या बाबतीत ३४ पेक्षा जास्त भरणार. तिथेच टेप लावून बघा. ताणणाऱ्या जीन्सला सीटवर एक इंच कमी चालतं, न ताणणारीला एक-दोन इंच सूट हवीच.

इलॅस्टिकच्या पँटला सैल असतानाचं माप बघून उपयोग नाही. पूर्ण ताणून मोजा, तुमच्या सीटपेक्षा, म्हणजे ४२ पेक्षा, जास्त आलं पाहिजे, नाहीतर वर चढणारच नाही. ताणताना दोरा तटतट वाजला तर ती शिवण दोन महिन्यांत सुटेल.

तिकटी
लेगिंगचं: आत हात घालून ताणा आणि उजेडात धरा. बोटं दिसली तर एक साइज मोठी घ्या किंवा सोडून द्या. आणि पँटची कमर गळ्याभोवती गुंडाळून बघतात ते नका करू. गळ्याच्या दुप्पट कमर हा ढोबळ आडाखा, सीट त्यात येतच नाही.

करवीरकन्या
आणि तयार ब्लाउज? ३६ चा, ४२ पर्यंत मार्जिन, असं लिहिलेलं असतं.

मास्तरीण
मार्जिन बाजूच्या शिवणीत असतं. ते सोडलं की छाती वाढते, पण खांदा, पुढचे टक (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चिमट्या) आणि कपची जागा ३६ चीच राहते. मुंढाही पुरेसा वाढत नाही. एका साइजपर्यंत, म्हणजे ३६ चा ३८, नीट बसतो. त्यापुढे टक छातीच्या मध्यावर न येता बाजूला येतात आणि पुढे पोकळी दिसते. ३८ च्या छातीला ३८ चाच घ्या.

गल्ली नंबर सात
कुर्ता-पँट-ओढणीच्या सेटमध्ये वर एल, खाली एक्सएल देतात का?

रंकाळा_संध्या
बहुतेक दुकानांत सेट फोडत नाहीत. अशा वेळी पँटच्या मापावर सेट घ्या, फक्त वरचा कुर्ता रेग्युलर फिटचा आहे ना ते बघून. मग बाजूने आत घ्या, वर हिशेब दिलाच आहे. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला होलसेलवाले तर एम-एल-एक्सएल-डबल एक्सएल असा साइजचा पूर्ण संचच देतात, एकटा पीस मागून मिळेलच असं नाही. तीन-चार जणी वेगवेगळ्या साइजच्या मिळून गेलात तर संच वाटून घेता येतो. लेबल कापलेला सरप्लसचा माल असेल तर त्यावरचा सुटा स्टिकर मनावर घेऊ नका, सरळ टेप लावा.

मास्तरीण
ट्रायल रूम असेल तिथे नुसतं आरशासमोर उभं राहून चालत नाही. दोन्ही हात वर करा, मग स्वतःला मिठी मारल्यासारखे पुढे घ्या, मग स्टुलावर बसा. स्टूल नसेल तर वाका. कापडावरच्या सुरकुत्या वाचा:

छातीवर आडव्या रेषा – छाती कमी, एक साइज वर जा.
काखेतून छातीकडे तिरक्या घड्या – माप पुरतंय, पण टक नाही. मोठी साइज घेतली तरी जाणार नाहीत. टक किंवा प्रिन्सेस कट असलेला कुर्ता शोधा.
मानेमागे आडवी वळी – खांद्याचा उतार तुमच्याशी जुळत नाही.
गळा पुढे फुगतो – खांदा मोठा.
मागे कमरेवर कापड गोळा होतं – सीट कमी आहे, म्हणून कुर्ता वर चढून बसलाय.

शेवटची खूण फार जणी चुकीची वाचतात. कापड जास्त झालंय असं समजून लहान साइज घेतात आणि ताण आणखी वाढतो.

पंचगंगाकाठ
बदलून घेण्याबाबत: टॅग काढू नका, आणलेल्या दिवशीच घालून बघा, बदलायची मुदत बिलावर वाचा. साइज न जुळणं हा मालातला दोष धरला जात नाही, बदलून देणं ही दुकानाची सवलत असते. पण लेबलवर एक माप आणि प्रत्यक्षात भलतंच असेल तर टेप लावलेला फोटो काढून ठेवा. दुकान ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

कपडेपट
सगळ्यांचे आभार. महाद्वार रोडला न्यायला असं लिहून घेतलंय, तपासा: सरळ कुर्ता, रेयॉन, सपाट छाती २०.५, सीट २२.५, खांदा १४.५, दंड सपाट ७.५, कट सीटच्या दोन इंच वर. लांबी ४० हवी म्हणून ४० चाच शोधायचा.

शिलाईमशीन
सीट, खांदा, दंड बरोबर. दोन बदल करा. छाती २१ धरा, रेयॉन आहे. आणि लांबी ४० नको, ४२ तरी बघा. ४ टक्के आटला तर ४२ चा सव्वाचाळीस होतो. आणल्यावर आधी टॅगसकट घालून बघा, ठेवायचा ठरला तर गार पाण्यात वीस मिनिटं बुडवा, न पिळता सावलीत आडवा वाळवा. ओल्या रेयॉनला खांद्यावर टांगलं तर वजनाने लांबी खोटी वाढते. पूर्ण वाळल्यावर इस्त्री करून परत मोजा आणि मगच टेलरकडे न्या.